घरचे कार्ड आणि दुकानाचा खर्च

(भिलाई येथे शाखेच्या वार्षिक कामगार मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात मी रिक्त जागा, ड्यूटीचे तास, क्वार्टरांची गळती आणि वेतन आयोग यांवर बोलतो. ते विषय आज इतर वक्त्यांनी घेतले आहेत. मला कार्यकारिणीने वेगळा विषय दिला. काहींना तो युनियनचा विषय वाटणार नाही. ‘कोणी आपल्या खिशातले कार्ड कुठे घासतो, याच्याशी युनियनला काय देणेघेणे?’ असे एका साथीने मला तोंडावर विचारले. देणेघेणे आहे. शाखेच्या कचेरीत लोक कागद घेऊन येतात. पूर्वी त्यात चार्जशीट असायची, नाही तर बदलीचा हुकूम. आता तिसरा कागद येऊ लागला आहे, तो म्हणजे क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट. आणि पुष्कळदा त्या कागदामागे दारू नसते, जुगार नसतो, मुलीचे लग्नही नसते. घरात सुरू केलेला एक छोटा धंदा असतो.

चरोदा, भिलाई तीन, पॉवर हाउस, सुपेला, कुठेही फिरा. आपल्या घरच्या बायका हातावर हात ठेवून बसलेल्या नाहीत. कोणी मसाला कुटून देते, कोणी डबे पोचवते, कोणी ब्लाउज शिवते, कोणी घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवते. एका पगारात दोन मुलांचे शिक्षण आणि गावाकडे म्हातारी माणसे हे भागत नाही, म्हणून हे धंदे निघाले. त्यांना नावे ठेवायला मी उभा नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्या भांडवलाबद्दल.

भांडवल कुठून येते? मोठ्या दुकानात आपण सणाची खरेदी करायला जातो. काउंटरवरचा मुलगा गोड बोलतो, ‘साहेब, आमचे कार्ड करून घ्या, आजच्या बिलावर सूट मिळेल.’ आधार, पॅन आणि पगाराची स्लिप दाखवायची. रेल्वेचा किंवा पोस्टाचा माणूस म्हटला की कार्ड लवकर मंजूर होते, कारण पगार दर महिन्याला येणार हे बँकेला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. कार्डावर दुकानाचे नाव मोठे असते, बँकेचे बारीक. त्यामुळे आपल्या माणसाला वाटते की हे आपले जुने किराणा दुकानाचे खाते आहे. नुसती वही जाऊन प्लास्टिक आले.

तसे ते नाही. अशा कार्डात दुकान फक्त गिऱ्हाईक आणून देते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे दुकानाची भूमिका तेवढीच आहे. पैसा बँकेचा, हिशेब बँकेचा, वसुलीही बँकेची. खातेवहीवाला किराणादार आपल्याला ओळखतो. पगार लांबला तर थांबतो, आणि उधारी फार वाढली की, ‘भाऊ, आधीचे थोडे द्या, मग पुढचे,’ असे सांगतो. हे सांगणे तेव्हा आपल्याला झोंबते, पण ते आपल्या भल्याचे असते. कार्ड असे कधीच सांगत नाही. उलट आपण अडकत गेलो की त्याची मर्यादा वाढवण्याचा निरोप येतो.

आता एक उदाहरण घेऊ. नाव कोणाचेच सांगणार नाही. दोनतीन घरांच्या गोष्टी एकत्र करून सांगतो. नवरा ट्रॅक मेंटेनर. घरची बाई दिवाळीचा फराळ करून विकते, हाताला चव आहे, कॉलनीत मागणी आहे. यंदा तिने जास्त ऑर्डरी घेतल्या. तेल, डाळ, मैदा, साखर, सुकामेवा, प्लास्टिकचे डबे असे चाळीस हजारांचे सामान नवऱ्याच्या कार्डावर मोठ्या दुकानातून उचलले. फराळ गेला अठ्ठेचाळीस हजारांना. आठ हजार सुटले, असा हिशेब तिने मांडला. चुकीचा नव्हता.

पण कॉलनीतला फराळ उधारीवर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पैसे येत येत डिसेंबर उजाडला. आले तसे घरात खर्चही झाले, सासूला दवाखान्यात न्यावे लागले. इकडे बिल आले. त्यावर लिहिलेले, एकूण रक्कम चाळीस हजार, किमान देय रक्कम दोन हजार. नवऱ्याने दोन हजार भरले आणि त्याला हायसे वाटले.

हे दोन हजार कुठे गेले ते पाहा. पुष्कळ कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असते. चाळीस हजारांवर महिन्याचे व्याज चौदाशे रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोनशे बावन्न. झाले सोळाशे बावन्न. दोन हजारांतून ते वजा करा. मूळ कर्ज कमी झाले तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांनी! असे पाच महिने गेले तर व्याज आणि कर मिळून आठ हजारांच्या आसपास भरले जातात. फराळात सुटलेले आठ हजार तिथेच संपले. गॅस वेगळा. आणि त्या बाईने पंधरा दिवस रात्री एकपर्यंत कढईपुढे उभे राहून केलेली मजुरी तर कोणत्याच रकान्यात नाही.

बिलावर हे छापलेले नसते असेही नाही. फक्त किमान रक्कम भरत गेलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, अशी सूचना बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. पण ती वाचतो कोण? मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे, मला ती समजली. म्हणजे शिक्षणाचा प्रश्न नाही. बिल उघडायची आपल्याला धास्ती वाटते, हा प्रश्न आहे.

यापुढची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीतच नाही. कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, असे आपण ऐकलेले असते. ते खरे आहे, पण आधीचे बिल पूर्ण चुकते केले असेल तरच. एकदा का बाकी ठेवली, की ही सवलत जाते आणि त्यानंतरच्या नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. आता विचार करा. फराळाची बाकी कार्डावर आहे, आणि त्याच कार्डावर घरचे महिन्याचे किराणासामान आले. घरच्या साखरेवर व्याज, मुलाच्या वह्यांवर व्याज, आईच्या चष्म्यावर व्याज. धंद्याची उधारी घरच्या चहात उतरली, आणि घरात कोणाला पत्ता नाही. रोख पैसे काढले तर आणखी वाईट. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय काढण्याची फी.

हे होते कारण कार्ड घराचे आहे आणि खर्च दुकानाचा आहे. कार्ड मंजूर झाले ते नवऱ्याच्या पगारावर. म्हणजे त्या धंद्याला जामीन राहिला तो पगार. या जामिनाबद्दल घरात कधी बसून बोलणे झाले का? नवरा-बायकोने ठरवले का, की अमुक रकमेपर्यंत धोका पत्करू, त्यापुढे नाही? बहुतेक घरांत नाही. एक दिवस दुकानात रोख कमी पडली, कार्ड पुढे केले, आणि तीच वहिवाट झाली.

त्यातून घरात भांडणे होतात, ती मी पाहिली आहेत. मागे एक जोडपे कचेरीत आले. नवरा म्हणत होता, ‘हिच्या शिवणकामाने मला बुडवले.’ ती बिचारी मान खाली घालून बसलेली. मी म्हटले, वहिनी, आधी कागद दाखवा. तीन महिन्यांची स्टेटमेंट टेबलावर ठेवली आणि आमच्या टपालातल्या साथीने लाल-निळी पेन्सिल घेतली. धंद्याच्या खर्चावर लाल खूण, घरच्या खर्चावर निळी. अस्तर, दोरे, बटणे, मशीनची दुरुस्ती हे लाल. मोबाईल, बूट, नातेवाइकांकडच्या लग्नाचा आहेर, हॉटेलचे बिल हे निळे. अर्ध्या तासात तिन्ही कागद निळे झाले. लाल खुणा मोजक्या. तिच्या वहीतली शिलाईची जमा पाहिली तर धंदा आपला खर्च काढून वर दोन पैसे देत होता. बुडवले होते ते घरखर्चाने, आणि आळ आला होता बाईवर. नवरा काही बोलला नाही, पण वहिनींनी ती पेन्सिल मागून नेली.

उलटही घडते. धंदा तोट्यात असतो आणि पगार तो झाकत राहतो. दोन वर्षे कळतच नाही. दोन्ही प्रकारांत दोष एकच, खाती मिसळलेली.

आणखी एक मुद्दा भगिनींसाठी. नवऱ्याच्या कार्डावर तुम्हाला जोड-कार्ड मिळते, त्यावर तुमचे नाव छापलेले असते. पण त्या कर्जाची जबाबदारी मूळ कार्डवाल्याची. तुम्ही दहा वर्षे वेळेवर पैसे भरले तरी पत वाढते ती नवऱ्याची. उद्या बँकेत जाऊन सांगितले की, मी धंदा करते, मला कर्ज द्या, तर बँक म्हणणार, तुमच्या नावाने आमच्याकडे काहीच नोंद नाही. कष्ट तुमचे आणि पत दुसऱ्याची, हे आपल्याला नवीन नाही म्हणा!

साथींनो, उधारीचा हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे. इंग्रज सरकारने १९२९ साली कामगारांच्या स्थितीवर शाही आयोग नेमला, त्याला व्हिटली आयोग म्हणतात. आपले ना. म. जोशी त्यावर सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने लिहिले की बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे. व्याजाचा नेहमीचा दर काय होता? रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या पठाणाच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. आता जुना आणा आजच्या पैशांत सव्वासहा पैसे. कार्डाचे व्याज करासकट रुपयाला महिना चार पैशांच्या थोडे वर. म्हणजे पठाणाच्या व्याजाचा जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा आपण आजही भरतो आहोत, वातानुकूलित दुकानात, हसतमुखाने. त्या काळी निदान कामगाराला पठाण दिसत तरी होता.

या व्याजाला कायद्याचा लगाम आहे का, असे कोणी विचारील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली निकाल दिला होता की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या भरवशावर कोणी राहू नये.

आता मुंबईची एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या विषयाचे उत्तर तिथे एकदा काढले गेले आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बिऱ्हाडाशिवाय राहत. त्यांना जेवण घालणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. स्वतःच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळा वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. कामगार पैसे देणार महिन्याच्या पगाराला. तोवर तांदूळ, पीठ, तेल किराणा दुकानातून उधार आणायचे, त्यावर भाव जादा, नाही तर सावकाराकडे दागिना ठेवायचा. म्हणजे दुकानाच्या उधारीवर धंदा, अगदी आपल्यासारखाच. संप झाला, गिरणी बंद पडली की कामगाराचे पैसे थांबत, पण किराणादाराचे थांबत नसत. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव या बायकांमध्ये काम करत होत्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या त्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की बँक आता खानावळवालीचीही आहे. बायकांचे गट केले, एकीला दुसरीचा जामीन, आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून एकेका बाईच्या स्वतःच्या नावावर छोटे कर्ज मिळवून दिले. किराणादाराकडे रोख मोजले की तोच तांदूळ स्वस्त पडू लागला.

यात मला महत्त्वाचे वाटते ते असे. कर्ज धंद्यासाठी म्हणून काढले, बाईच्या नावावर काढले, किती आणि कधी फिटणार हे ठरवून काढले. नवऱ्याच्या पगाराला न विचारता हात घातला नाही. लिज्जत पापडाचे तरी काय? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. उसनेच घेतले, पण धंद्यासाठी वेगळे घेतले, आणि पहिल्या दिवसापासून हिशेब वेगळा.

मग आजचा आपला कामगार कार्डाकडेच का वळतो? तो आळशी किंवा उधळ्या आहे म्हणून नाही. आमच्या पिढीला नड आली की प्रॉव्हिडंट फंडातून ॲडव्हान्स मिळे. पैसा आपलाच, व्याजाची भानगड नाही. १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर लागलेल्या पोरांना नवीन पेन्शन योजना लावली, आणि तो जुना फंड त्यांच्या हातून गेला. पेन्शनच्या लढ्यात आपण निवृत्तीनंतरचे बोलतो. पण ऐन चाळिशीत, घरात चार पैशांची गरज असताना, या साथींच्या मागे काही उरलेले नाही, हे आपण पुरेसे मांडले नाही. ती पोकळी दुकानाच्या काउंटरने भरून काढली. माझ्याकडे स्टेटमेंट घेऊन येणाऱ्यांत तरुण साथी जास्त असतात, ते यामुळेच.

आता नियमांचे बोलतो, कारण इथे नोकरीचा संबंध येतो. रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मधला नियम पंधरा सांगतो की पूर्वपरवानगीशिवाय रेल्वे कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापार-धंदा करू नये. टपाल खात्यातल्या साथींना १९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांत हेच लागू आहे. घरच्या माणसाने धंदा करायला बंदी नाही, पण तसे खात्याला कळवायचे असते. किती जणांनी कळवले आहे? हात वर करायला सांगत नाही. एक साधा अर्ज आहे, पत्नी अमुक धंदा करते, एवढेच. तो देऊन पोच घ्या. कारण समजा कोणी तक्रार केली, आणि धंद्याचा सगळा माल दोन वर्षे तुमच्या कार्डावर आलेला निघाला, तर धंदा बायकोचा आहे हे तुम्ही कोणत्या कागदाने दाखवणार? तुमचे स्टेटमेंटच तुमच्याविरुद्ध बोलेल. त्याच नियमावलीत सतरावा नियम आहे, कर्मचाऱ्याने सतत कर्जबाजारी राहू नये असा. दोन्ही नियम एका कार्डावर ओढवून घेण्यात काय शहाणपण?

ग्रामीण डाक सेवक साथींची गोष्ट निराळी. त्यांना ‘अतिरिक्त विभागीय’ म्हणत तेव्हापासून खात्याने त्यांच्याकडून उपजीविकेचे दुसरे साधन असण्याची अपेक्षा धरली. म्हणजे पोस्टाचे काम करा आणि पोट दुकानावर भरा! त्या धोरणाविरुद्ध आपला झगडा आहेच. पण दुकान आहे म्हटल्यावर त्यांनी तर दुकानाचा व्यवहार वेगळ्या खात्यातूनच करावा. पोस्टाची रोकड, दुकानाची रोकड आणि कार्ड हे तीन एकत्र आले की काय होते, ते टपालातल्या मंडळींना मी सांगायला नको.

शिवाय कार्डाच्या अटी असतात. बहुतेक वैयक्तिक कार्डांच्या अटींत लिहिलेले असते की ते स्वतःच्या आणि घरच्या वापरासाठी आहे. एकाच दुकानातून तेलाचे पंधरा डबे वारंवार उचलले तर बँक विचारणा करू शकते, कार्ड बंदही करू शकते. ऐन हंगामात कार्ड बंद झाले म्हणजे धंदा बंद.

कोणी म्हणेल, सचिवसाहेब कार्डाच्या नावाने नुसते बोटे मोडतात. तसे नाही. डब्याचा धंदा असेल, गिऱ्हाईक महिन्याच्या सुरुवातीला पैसे देत असेल, आणि बिलाची तारीख येण्याआधी विक्रीचा पैसा हातात पडत असेल, तर बिनव्याजी दिवसांचा फायदा जरूर घ्यावा. पण मग एक कार्ड फक्त धंद्याला, दुसरा कोणताही खर्च त्यावर नाही, आणि बिल पूर्ण भरायचे. ज्या मालाचे पैसे तीन महिन्यांनी येणार तो कार्डावर घेऊ नये. साड्या हप्त्याने विकणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे. आणि शिलाई मशीन, फ्रीज, पार्लरची खुर्ची, पीठ दळायची चक्की या गोष्टी तर मुळीच नाही. ज्या वस्तूचे पैसे दोन वर्षांत वसूल होणार, तिच्यासाठी दीड महिन्याचे कर्ज काढणे म्हणजे मालगाडीला सायकलचा ब्रेक लावणे आहे.

मग पैसे आणायचे कुठून? पहिली जागा आपली कर्मचारी सहकारी पतसंस्था. मुंबईला पश्चिम रेल्वेच्या कामगारांची जॅक्सन सोसायटी शंभराहून जास्त वर्षे चालू आहे, आपल्याकडेही परंपरा जुनी आहे. व्याज वर्षाला बारा टक्के धरले तरी चाळीस हजारांवर पहिल्या महिन्याचे चारशे रुपये होतात. तिकडे सोळाशे बावन्न, इकडे चारशे. यातही पगार जामीन असतोच, शिवाय दोन साथी जामीन राहतात. पण सगळ्यांना माहीत असते, हप्ता ठरलेला असतो, शेवटची तारीख असते.

दुसरी जागा मुद्रा योजना, २०१५ पासून आहे. शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, काही गहाण न ठेवता, धंदा करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर. बँकेत लगेच कोणी हार घालून स्वागत करील असे समजू नका. दोन खेपा होतील, साहेब जेवायला गेलेले असतील. आमच्या भगिनी गटाने गेल्या पाहिजेत. २०२० पासून उद्यम नोंदणी आहे, घरबसल्या होते, तिला फी नाही. पैसे मागणारा दलाल आला तर त्याला हाकला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्यमवर नोंदलेल्या छोट्या धंद्यांसाठी पाच लाखांपर्यंत मर्यादेचे खास क्रेडिट कार्ड जाहीर झाले. म्हणजे धंद्याचे कार्ड वेगळे असावे, हे सरकारनेही मान्य केले. तुमच्या बँकेत त्याची चौकशी करा. ज्यांची हातगाडी किंवा बाजारात बैठक आहे, त्यांना नगर निगमाकडून पथविक्रेत्यांची स्वनिधी योजना आहे.

जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी. कार्ड आजपासून कपाटात. एक कार्ड फेडायला दुसरे काढू नका. सोसायटीचे कर्ज बसत असेल तर ते घेऊन कार्ड एकरकमी मोकळे करा आणि लेखी अर्ज देऊन बंद करून टाका. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद केले नाही म्हणून बँकेला दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ड्यूटीच्या जागी येऊन, शेजाऱ्यांपुढे अपमान करणे चालणार नाही. तसे झाले तर तारीख-वेळ लिहून ठेवा. बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही.

आणि ही गोष्ट घरी जाऊन जरूर सांगा. मागे आमच्या एका साथीचे ड्यूटीवर असताना निधन झाले. तेरावा झाला नाही तोच कार्डाच्या वसुलीचे फोन सुरू. त्याच्या पत्नीला सांगितले गेले की, पेन्शन थांबेल, पैसे भरा. ती घाबरून मंगळसूत्र मोडायला निघाली होती. साथींनो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने सरकारी पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून वगळलेली आहे. वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून जेवढे हाती आले तेवढ्यापुरतीच. बाईने स्वतःच्या दागिन्यातून काही देणे लागत नाही. आम्ही बँकेला पत्र लिहिले आणि फोन बंद झाले. पण पत्र लिहायला ती आधी आमच्यापर्यंत यायला हवी होती. ती आली ती शेजारणीने आणले म्हणून.

शेवटी ठरावाचे. पतसंस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे आपल्या शाखेतर्फे मी एक ठराव मांडणार आहे. कर्जाच्या कारणांत लग्न, शिक्षण, आजारपण, घरदुरुस्ती यांच्या जोडीला ‘कुटुंबातील व्यक्तीचा लघुव्यवसाय’ हे कारण स्पष्ट शब्दांत असावे, रक्कम पन्नास हजारांपर्यंत, आणि अर्जावर धंदा करणाऱ्या व्यक्तीची सही असावी. काही जुने सभासद म्हणतील, धंद्याला पैसे देणे जोखमीचे आहे. त्यांना माझे उत्तर असे की पैसे आजही धंद्यालाच जात आहेत, फक्त कार्डातून फिरून, आणि ती जोखीम त्याच सभासदाच्या पगारावर चौपट दराने बसते आहे. सभेला हजर राहा. गणपूर्तीअभावी मागच्या वेळी सभा तहकूब झाली होती, हे विसरू नका.

पुढच्या दोन रविवारी सकाळी दहापासून शाखेची कचेरी उघडी असेल. कार्डाची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट आणा, धंद्याची वही असेल तर ती आणा. नवरा-बायको दोघेही या. कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी आम्हालासुद्धा सांगायचा नाही. खात्याला कळवण्याच्या अर्जाचे नमुने टेबलावर ठेवलेले आहेत, जाताना एकेक घेऊन जा. लाल-निळ्या पेन्सिली मी आणतो.